न आलेल्या रुग्णांचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासनाच्या वतीने दरवर्षी आम्ही आपल्यासमोर उभे राहतो ते जमाखर्चाचा गोषवारा घेऊन. वर्षभरात किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती रुग्णांना मोफत वा सवलतीच्या दरात उपचार मिळाले, हा सारा तपशील या अहवालाच्या परिशिष्टात छापला आहे आणि लेखापरीक्षकांनी तो तपासलाही आहे. त्याची पुनरावृत्ती करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. ज्यांची नोंद आमच्या कोणत्याही वहीत सापडत नाही, अशा रुग्णांविषयी आज दोन शब्द बोलण्याची अनुमती असावी. जी बालके गोवराने, घटसर्पाने, डांग्या खोकल्याने आजारी पडून आपल्या बालरोग विभागात दाखल व्हायची होती आणि झाली नाहीत, त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

आम्ही वैद्यकीय शाखेचे नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, काही वर्षे हिशेबनिसाचे काम करून आम्ही या संस्थेत आलो. जे घडले त्याची नोंद करायची, असे आम्हाला शिकवले गेले. जे घडले नाही, त्याची नोंद कोणत्या खात्यावर करायची, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. लसीकरणाची नेमकी अडचण हीच आहे. दाखल झालेल्या रुग्णाचे देयक तयार होते. टळलेल्या आजाराचे देयक तयार होत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या माणसाच्या दृष्टीने लसीकरण हे वर्षानुवर्षे केवळ खर्चाच्या बाजूचे एक किरकोळ कलम होते. या समजुतीची किंमत एका बालिकेने मोजली. ती हकीकत आम्ही आजवर कोणत्याही अहवालात लिहिली नाही. ती सांगितल्यावाचून पुढचे काही बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपले रुग्णालय साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या इकडे येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे कोयते एकत्र येऊन टोळी होते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती चार-पाच महिने फडावर राहते. सोबत लेकरे असतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि तान्ही मुले पाचटाच्या कोपीत मोठ्या भावंडांच्या हाती राहतात. गोवराची पहिली मात्रा बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते. बाळाचा नववा महिना गावाकडच्या शेवटच्या आठवड्यात किंवा प्रवासात भरला, तर ती मात्रा दोन गावांच्या मध्ये कुठेतरी हरवते. गावाकडच्या यादीत मूल 'बाहेरगावी' म्हणून लागते आणि आपल्याकडच्या यादीत त्याचे नावच नसते.

२०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अशाच एका टोळीतील माता दहा महिन्यांची मुलगी घेऊन आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली होती. मुलीला सर्दी होती, पण सोबत आईने कार्डही आणले होते आणि राहिलेली लस द्या, असे ती आपणहून म्हणाली होती. तो गुरुवार होता. लसीकरण बुधवारी होत असे. परिचारिकेने तिला औषध देऊन कार्डावर पेन्सिलीने 'पुढील बुधवार' असे लिहून परत पाठवले.

यात परिचारिकेचा दोष नव्हता. दोष आमच्या परिपत्रकाचा होता. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते आणि ती द्रावणात मिसळल्यापासून चार तासांच्या आत वापरावी लागते; उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक बालकांच्या मात्रा असतात. वर्षाअखेर वाया गेलेल्या मात्रांचा आकडा पाहून आम्ही अस्वस्थ झालो होतो आणि किमान चार बालके जमल्याखेरीज कुपी फोडू नये, लसीकरण आठवड्यातून एकाच वारी ठेवावे, असा लेखी आदेश आमच्याच स्वाक्षरीने काढला होता. अपव्यय कमी झाला म्हणून त्या वर्षी आमचे कौतुकही झाले होते. एका बालकासाठीदेखील गोवराची कुपी फोडावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, हे त्या वेळी आम्ही वाचले नव्हते आणि कोणाला विचारलेही नव्हते.

बुधवार येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेली. जानेवारीत तीच मुलगी पुन्हा आली, ती अंगभर पुरळ, तीव्र ताप आणि न्यूमोनिया घेऊन. अकरा दिवस ती प्राणवायूवर होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि परिचारिकांनी शर्थ केली, म्हणून तिचा जीव वाचला. पण मूळचे कुपोषण आणि त्यावर गोवर यांमुळे तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडले, ते कायमचे. 'लस का दिली नाही?' असे आमच्या एका कर्मचाऱ्याने नेहमीच्या स्वरात विचारले, तेव्हा त्या माउलीने कनवटीचे कार्ड काढून पुढे धरले आणि एवढेच म्हणाली, "आम्ही आल्तो की, बाई. तुम्हीच म्हणलात, बुधवारी या." पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

आता हिशेबाचा भाग ऐकावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील ज्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, त्या निधीतून त्या मुलीचा अकरा दिवसांचा संपूर्ण खर्च भागवला गेला. म्हणजे त्या वर्षीच्या अहवालात तो खर्च आपल्या सेवाकार्याच्या बाजूस जमा झाला. आपणांपैकी अनेकांनी त्या आकड्याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्या आजाराला आमची काटकसर कारण झाली, त्याच आजाराचा उपचार आम्ही दानधर्म म्हणून मिरवला. कायद्याच्या दृष्टीने त्या नोंदीत काहीही चूक नव्हती. तरीही ती नोंद खरी नव्हती, असे आम्ही आज आपल्यासमोर नमूद करीत आहोत.

ही एका मुलीची कहाणी असली, तरी तिच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. त्याची थोडक्यात उजळणी केल्यास आपली चूक कोठे झाली, हे अधिक स्पष्ट होईल.

लस टोचण्याची आपली परंपरा जुनी आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली यशस्वी लस मानली जाते. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरील गोल वण आपण सर्वांनी पाहिले आहेत आणि 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग तर मराठीत रुळून गेला आहे. परंतु १८०२ पासून दंडावर वण उमटत राहिले, तरी देवीचा रोग पुढे पावणेदोनशे वर्षे देशात ठाण मांडून होता. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, कोट्यवधी लोकांना लस टोचली गेली, तरीही साथी थांबेनात. एवढी लस देऊनही रोग का टिकतो, हा प्रश्न त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पडला होता.

त्याचे उत्तर असे मिळाले की, बहुसंख्यांना लस देणे पुरेसे नसते. ज्यांच्यापर्यंत लस पोहोचली नाही ते कोठे आहेत, हे शोधणे आवश्यक असते. १९७३ पासून आरोग्य कर्मचारी रुग्णाचे चित्र हाती घेऊन गावोगाव, घरोघर, बाजारात आणि शाळांत जाऊन 'असा माणूस कोठे पाहिला का?' असे विचारू लागले. रुग्ण सापडला की त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या संपर्कातील तसेच आसपासच्या सर्वांना तातडीने लस द्यायची, अशी ही पद्धत होती. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटच्या रुग्णाची नोंद झाली आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. लस तीच होती. रुग्ण शोधून काढण्याची चिकाटी नवी होती.

पोलिओच्या बाबतीत तर आपण सर्व साक्षीदार आहोत. १९९५ सालच्या डिसेंबरात देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आपल्यातील अनेकांनी बूथवर बसून बालकांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण केली आहे. मोहिमेच्या पहिल्या काही वर्षांत रुग्णसंख्या झपाट्याने घटली, पण शेवटचा टप्पा विलक्षण कठीण गेला. वीटभट्ट्यांवरील, बांधकामांवरील, रेल्वेतून प्रवास करणारी, नदीकाठच्या वस्त्यांमधील मुले हाती लागत नव्हती. मग त्यांच्यासाठी स्वतंत्र याद्या झाल्या, फलाटांवर आणि एसटी स्थानकांवर पथके उभी राहिली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला नैसर्गिक पोलिओ विषाणूची बाधा झाली. तो देशातील शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले. स्थलांतरित मूल शोधल्याखेरीज रोग संपत नाही, हा धडा देशाने तेव्हाच गिरवला होता. आमच्या परिपत्रकाला मात्र तो ठाऊक नव्हता.

गोवराविषयी आपल्याकडे अजूनही एक उदासीन समजूत आहे. 'गोवर सर्वांनाच येतो, उष्णता बाहेर पडते, लिंबाचा पाला ठेवावा, आठ दिवसांत उतरतो,' असे म्हटले जाते. लिंबाच्या पाल्याशी आमचे भांडण नाही. पण गोवर हा माणसाला ज्ञात असलेल्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ दिसण्यापूर्वी चार दिवस आणि दिसल्यानंतर चार दिवस रुग्ण इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे आईला गोवर ओळखू येण्यापूर्वीच शेजारच्या कोपीत तो पोहोचलेला असतो. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूज्वर आणि अंधत्व हे त्याचे गंभीर परिणाम आहेत. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीची स्मृतीही गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. गोवर 'उतरल्यानंतर' काही महिन्यांनी मूल दुसऱ्याच आजाराने दाखल होते, तेव्हा त्या आजारामागे गोवर असू शकतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अशा रोगाची साखळी तोडायची, तर दोन मात्रा घेतलेल्या बालकांचे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास असावे लागते. पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील बारा ते तेवीस महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील ६२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. प्रगती निःसंशय मोठी आहे. पण उरलेली बालके देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती एकत्र असतात: झोपडपट्टीत, वीटभट्टीवर, फडावर. सरासरी चांगली असूनही साथ येते, ती याच कारणाने. कोविडच्या काळात नियमित लसीकरणात जो खंड पडला, त्याचे फळ २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात दिसले. पाठोपाठ मालेगाव आणि भिवंडी येथेही गोवराने डोके वर काढले आणि बालके दगावली. त्या वेळी बाधित भागांतील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना एक जादा मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. देशातून गोवर-रुबेलाचे निर्मूलन करण्याचे २०२३ हे उद्दिष्ट हुकले आणि ते २०२६ पर्यंत पुढे न्यावे लागले.

आता आपल्या संस्थेने काय केले, ते नम्रपणे सांगतो.

सर्वप्रथम ते परिपत्रक आम्ही मागे घेतले. आता कामकाजाच्या प्रत्येक दिवशी लसीकरण होते आणि एका बालकासाठीही कुपी फोडली जाते. अपव्ययाच्या रकान्यातील आकडा त्यामुळे वाढला आहे. परिशिष्टात तो आपणांस दिसेल. तो पाहून कृपया कोणी आम्हास काटकसरीचा सल्ला देऊ नये, एवढीच विनंती. ती टाकून दिलेली लस म्हणजे त्या दिवशी आलेल्या एका आईला 'बुधवारी या' न सांगण्याची किंमत आहे.

दुसरे, आम्ही आमच्या दारात बसून राहण्याचे सोडले. लस, सिरिंज आणि कार्डे शासनाकडून विनामूल्य मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिका आणि आशाताई हे काम आपल्या कितीतरी आधीपासून करीत आहेत. त्यांना कमी पडत होते ते वाहन, एक जादा परिचारिका आणि संध्याकाळची वेळ. फडावरची माणसे दिवसा भेटत नाहीत. म्हणून हंगामात ठरावीक दिवशी आपली गाडी सायंकाळी अड्ड्यावर जाते. मुकादमाकडून टोळ्यांची यादी घेतली जाते, टोळी कोणत्या फडावर हलली ते कारखान्याच्या शेतकी विभागाकडून कळते आणि आरोग्य केंद्राच्या ताई व आपल्या परिचारिका मिळून लस देतात. प्रारंभी मुकादमांना शंका होती की, सुई टोचल्यावर मुले तापतील आणि दुसऱ्या दिवशी बाया कामावर येणार नाहीत. एका मुकादमाने तर आम्हाला स्पष्टच विचारले, "साहेब, कोयता बंद पडला तर खाडा कोण भरून देणार?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला उलट विचारले की, मागल्या साली गोवर आला तेव्हा किती कोयते किती दिवस बंद होते? त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि यादी दिली. हिशेबाची भाषा आम्हा दोघांनाही कळत होती, हे आमचे भाग्य.

तिसरी बाब शीतसाखळीची. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. गोवराची लस उष्णतेने आणि उजेडाने निकामी होते, तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तर निकामी होते. म्हणजे थंड ठेवणेही मोजूनमापूनच. ग्रामीण भागातील भारनियमनाचा अनुभव आपणांस आहेच. लसीच्या शीतकपाटाला स्वतंत्र विद्युतजोडणी आणि जनित्राचा आधार द्यावा लागला, दिवसातून दोनदा तापमान लिहिण्याची वही ठेवावी लागली आणि सुटीच्या दिवशीही ती लिहिली जाते की नाही, हे पाहावे लागले. हे काम दिसत नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही. परंतु ते चुकले तर टोचलेली सुई नुसतीच टोचली जाते.

चौथी बाब नोंदीची. ताप आणि पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण, तसेच पंधरा वर्षांखालील ज्या बालकाच्या हातापायांत अकस्मात लुळेपणा आला असा प्रत्येक रुग्ण, आम्ही आरोग्य यंत्रणेस कळवतो. दर आठवड्याला अहवाल जातो आणि एकही रुग्ण नसेल तरी 'शून्य' असे लिहून जातो. प्रथम आम्हाला हा कागदी सोपस्कार वाटला. पुढे त्याचे मर्म कळले. अहवालच न पाठवणे आणि शून्य कळवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा अर्थ 'आम्ही पाहिले नाही', दुसऱ्याचा अर्थ 'आम्ही पाहिले आणि नाही'. आरंभी आम्ही म्हटले की, न घडलेल्या गोष्टीची नोंद कोठे करायची, हे आम्हाला शिकवले गेले नव्हते. ती नोंद करण्याची जागा या साप्ताहिक कागदावर आहे.

एवढे करूनही सर्व साधले, असा आमचा दावा नाही. नऊ महिन्यांखालील बालकाचे गोवरापासून रक्षण मोठ्या प्रमाणात भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते आणि फडावर ते प्रमाण अद्याप पुरेसे नाही. कोपीतील धूर, दाटी, अपुरा आहार आणि दूषित पाणी यांवर लस हा उपाय नव्हे. गोवराच्या बालकाला जीवनसत्त्व 'अ' च्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्याव्या लागतात, त्याने डोळा आणि जीव दोन्ही वाचू शकतात. पण त्यासाठी मूल वेळेवर आपल्यापर्यंत यावे लागते. ते यावे, असा विश्वास त्या वस्तीत निर्माण करणे हे काम एका हंगामाचे नाही.

म्हणून आज उपस्थित असलेल्या तिन्ही घटकांना तीन विनंत्या करून आम्ही आपली रजा घेऊ.

रुग्णांच्या आप्तेष्टांना प्रथम. लस देताना परिचारिकेने आपल्याला चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगापासून रक्षण करते, लसीनंतर कोणता किरकोळ त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करावे, पुढच्या वेळी केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवून प्रत्येक वेळी सोबत आणावे. तिने त्या सांगितल्या नाहीत, तर आपण विचाराव्यात. लसीनंतर अर्धा तास थांबावे. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असला तरी मुलाला लसीसाठी आणावे, द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. गावी अथवा कामावर जाताना कार्ड बरोबर न्यावे. आणि आमच्या रुग्णालयात कोणी आपल्याला 'नंतर या' असे सांगितले, तर आपण थेट प्रशासकांच्या खोलीत यावे. ती खोली तळमजल्यावर, लेखा विभागाच्या शेजारी आहे.

विश्वस्त महोदयांना विनंती अशी की, लसीकरणाचे यश वाया गेलेल्या मात्रांवरून मोजले जाऊ नये. परत पाठवलेले बालक हाच अपव्यय मानावा आणि त्याची स्वतंत्र नोंद दर तिमाही बैठकीत आपल्यापुढे यावी. ती वही आम्ही सुरू केली आहे. तिच्यावर आपली नजर राहिली, तर आमच्यानंतर या खुर्चीत येणारी व्यक्ती आमची चूक पुन्हा करणार नाही.

देणगीदारांना सांगायची गोष्ट थोडी अवघड आहे. आपण उदार आहात. या इमारतीच्या भिंतीभिंतीवर आपल्या वाडवडिलांची नावे आहेत आणि ती योग्यच आहेत. व्हेंटिलेटरवर नाव कोरता येते, खाटेवर कोरता येते. गाडीच्या डिझेलवर, संध्याकाळच्या फेरीसाठी जाणाऱ्या परिचारिकेच्या वेतनावर, शीतकपाटाच्या वीजदेयकावर नाव कोरता येत नाही. दात्याचे समाधान डोळ्यांना दिसावे, ही अपेक्षा अनाठायी नाही. परंतु या कार्यात जो पैसा सार्थकी लागतो, तो दिसेनासा होतो. ज्या घरात मूल आजारी पडले नाही, त्या घरातून आपणांस आभाराचे पत्र कधीही येणार नाही, कारण आपण काय केले हे त्यांनाही ठाऊक नसेल. असे दान करण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांच्यासाठी यंदापासून 'बाल प्रतिबंधक आरोग्य निधी' हे स्वतंत्र खाते उघडण्यात आले आहे. त्याचा वापर केवळ आवर्ती खर्चासाठी होईल आणि त्याचा हिशेब दरवर्षी याच अहवालात स्वतंत्रपणे दिला जाईल.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पुढच्या हंगामात तीच टोळी पुन्हा आली. आपली गाडी अड्ड्यावर गेली, तेव्हा ती आईच्या कडेवर होती. डाव्या डोळ्याने तिने सारे निरखून पाहिले. तिची राहिलेली मात्रा त्या संध्याकाळी देण्यात आली आणि पाठच्या भावाचे नावही यादीत घालण्यात आले. आईने जुने कार्ड पुढे केले. आम्ही ते हाती घेतले. पेन्सिलीची ती ओळ अद्याप होती. परिचारिकेने खोडरबर काढले, तेव्हा आम्ही तिला थांबवले. ती ओळ तशीच ठेवून तिच्याखाली शाईने नवी तारीख लिहिली.

त्या कार्डाची एक छायाप्रत आम्ही आमच्या मेजाच्या काचेखाली ठेवली आहे. ताळेबंदावर स्वाक्षरी करताना ती समोर असते.